कोठाराची किल्ली

घरांत धान्याचें कोठार भरलेलें असलें म्हणजे त्या घरीं कोणी उपाशी राहणार नाहीं, असें आपण गृहीत धरतों. पण कोठाराची किल्ली कोणाच्या कमरेला आहे, आणि दाणे मोजून कोण देतो, हें पाहिल्यावांचून हें अनुमान टिकत नाहीं.

व्हेनेझुएला देशाजवळ खनिज तेलाचा साठा जगांत सर्वांत मोठा. १९९८ च्या सुमारास तेथें दररोज तीस लक्षांहून अधिक पिंपें तेल निघे. पुढें मोठा संप झाला, आणि २००३ सालीं सरकारी तेल कंपनींतून सुमारें १८,००० माणसें काढण्यांत आलीं. कसबाच्या जागीं निष्ठा आली. विहिरींच्या देखभालीचा पैसा इतरत्र वळला. ठेक्यांत लांच शिरली. २०२० सालीं या तेलाच्या धन्यावर इराणहून जहाजांनीं पेट्रोल आणविण्याची पाळी आली!

ही हकीकत वाचून कोणास हंसूं येईल. आम्हां डोंबिवलीकरांस तें येत नाहीं. आमच्या ठाणें जिल्ह्याचें तेल म्हणजे पाणी. शहापूर तालुक्यांत तानसा, मोडकसागर, भातसा हे जलाशय पावसाळ्यांत तुडुंब भरतात आणि त्यांवर मुंबई नगरी जगते. पण त्याच तालुक्यांतील पाड्यांवरच्या बायका वैशाखांत टँकरची वाट पाहत उभ्या असतात.

आमच्यासारख्या वाढत्या शहरांची तहान भागविण्यासाठीं मुरबाड तालुक्यांत काळू नदीवर धरण बांधावयाचें ठरलें. वनखात्याची परवानगी हातीं येण्यापूर्वींच तेथें यंत्रें धडधडूं लागलीं. २०१२ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तें काम थांबविलें, आणि २०१६ सालीं लाचलुचपत प्रतिबंधक खात्यानें या धरणाच्या ठेक्यासंबंधीं गुन्हा नोंदविला. खटल्याचा निवाडा न्यायालयाचा. परंतु रान खणलें गेलें आणि पाण्याचा थेंब आला नाहीं, हें सांगण्यास न्यायाधीश नको.

रोग एका नदीपुरताही नव्हे. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीवरून, दहा वर्षांत सुमारें ७०,००० कोटी रुपये खर्चूनही सिंचित क्षेत्राचें प्रमाण अवघें ०.१ टक्क्यानें वाढलें, असा अर्थ निघाला आणि एकच गहजब झाला. मग सरकारनें श्वेतपत्रिका काढून अधिक मोठा आंकडा पुढें केला. दोन आंकडे एकाच सरकारचे! श्रीमंताच्या घरीं जमाखर्च लिहिण्याची संवय मोडते, ती अशी. गरिबाला आणा न् आणा मोजावा लागतो. जमिनींतून वा आभाळांतून फुकट आलेल्या धनाचा हिशेब मागण्यास कोणी धजत नाहीं, आणि चोराला तेवढें पुरतें.

दैव देतें आणि कर्म नेतें, असें आपण म्हणतों. पण हें कर्म कोणाचें? सोसायटीच्या वार्षिक सभेंत जिन्याच्या रंगाच्या खर्चावरून दोन दोन तास झगडणारी माणसें आपल्या गांवीं घरोघर आहेत. आमच्या मतें ती चिकाटी हा मोठा नागरिक गुण होय. ती जिन्याखालीं उतरून धरणापर्यंत पोंचली पाहिजे, इतकेंच.