भोगवटादार : स्वतः

बी. कॉम. झालेल्या माणसाला जगातले सगळे हिशेब येतात, असा आमच्या नातेवाइकांचा ठाम समज आहे. त्यात तो बँकेत कारकून असला म्हणजे त्याला फॉर्म भरण्याची हौसही असणार, हे ते धरूनच चालतात. त्यामुळे अमरावतीतल्या आमच्या दोन खोल्यांत रविवारी सकाळी पोहे कमी आणि लोकांचे कागद जास्त पसरलेले असतात. त्यातले निम्मे कागद घरटॅक्सचे.

घरटॅक्सला कायदा मालमत्ता कर म्हणतो. आमच्याकडे मालमत्ता म्हणजे वावर. घर हे फक्त घर. पण कायद्याची कल्पनाशक्ती दांडगी. घर तुमचे, राहता तुम्ही; तरी महापालिकेचा १९४९ चा कायदा विचारतो, समजा हे घर भाड्याने दिले असते, तर वर्षाचे काय आले असते? त्या न आलेल्या भाड्यातून न केलेल्या दुरुस्तीचे दहा टक्के वजा करायचे. उरते ते करयोग्य मूल्य. म्हणजे प्रत्येक घरमालक हा कागदोपत्री स्वतःचाच भाडेकरू असतो, फरक इतकाच की त्याला स्वतःशी भाड्यावरून भांडता येत नाही. त्या मूल्यावर मग सामान्य कर, शिक्षण कर, वृक्ष कर अशी मंडळी पंगतीला बसावी तशी ओळीने येऊन बसतात. वृक्ष म्हणाल तर आमच्या घरमालकांच्या अंगणात एक तुळस आहे, तीही गेल्या उन्हाळ्यापासून अंथरुणाला खिळलेली.

आणि थकलात तर शास्ती. हा शब्द मला फार आवडतो. दंड म्हटले की पोलीस आठवतो. शास्ती म्हटले की एखाद्या सालस मुलीचे नाव वाटते. ही मुलगी दरमहा दोन टक्क्यांनी वाढते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

बँकेत कर्जाच्या टेबलावर मी पाच वर्षे काढली. तिथे येणारा माणूस चालू वर्षाची टॅक्स पावती अशी पुढे करतो की जणू राजाने दिलेला ताम्रपट. त्याला सांगावे लागते, भाऊ, ही पावती पाहिजेच, पण हिच्यावरून घर तुमचे ठरत नाही. सिनेमाचे तिकीट काढले म्हणून थिएटर कोणाच्या नावावर होत नाही. महापालिकेच्या वहीला एवढेच कळते की पैसे कोणाकडून घ्यायचे. घर कोणाचे, ते खरेदीखत सांगणार, नाहीतर भूमापनाचा कागद. आणि आपल्या वऱ्हाडातले कागद म्हणजे इतिहासाचा तासच. अमरावतीच्या भर वस्तीतला प्लॉट घ्या, खरेदीखतात तो 'मौजे अमुक, प्रगणे बडनेरा' येथेच असतो. मोगल गेले, निजाम गेला, १८५३ साली आलेला इंग्रजही गेला, १९८३ साली अमरावतीची महापालिका झाली आणि बडनेरा तिच्या पोटात गेले. प्रगणा मात्र जागचा हलला नाही. त्यातून जागा नझूलची निघाली तर शीट नंबर आणि प्लॉट नंबर वेगळेच. हे सगळे नंबर एका घराचे आहेत हे सिद्ध करणे म्हणजे चार मावसभावांना एका फोटोत बसवण्यासारखे आहे.

हे ज्ञान मी वीस वर्षे लोकांना वाटत होतो. मागच्या वर्षी ते घरात उपयोगी पडले.

अकोल्याला जुन्या शहरात आमच्या आजोबांनी स्वतःच्या पगारातून बांधलेले घर आहे. आजोबा १९८१ साली गेले, आजी त्यांच्या आधीच. मागे तीन भावंडे : नागपूरचे काका, माझे वडील आणि आत्या. काका आणि वडील आता नाहीत. आत्या आहे. तिने लग्न केले नाही, शाळेत मास्तरकी केली, निवृत्त झाली, आणि सगळा वेळ त्याच घरात राहिली. पत्रे बदलले तिने, मोरीची फरशी बसवली तिने. आम्ही नातवंडे उन्हाळ्यात जाऊन तिचे आंब्याचे रायते संपवून येत असू.

नागपूरचा दादा, म्हणजे काकांचा मुलगा, हा उत्साही मनुष्य आहे. त्याने मोबाइलवर अकोल्याच्या घराचा टॅक्स शोधून काढला आणि त्याचा फोटो मला पाठवला. मालक : आजोबांचे पूर्ण नाव. भोगवटादार : स्वतः. म्हणजे आजोबा जाऊन चाळीसच्या वर वर्षे झाली, तरी वहीच्या मते ते त्या घरात स्वतः राहत होते. त्यांच्यामागे नाव बदलायला कोणी अर्जच केला नव्हता. वही बिचारी काय करणार?

फोटोखाली दादाने लिहिले होते, "आत्याचं नाव कुठेच नाही. म्हणजे आपणच वारस. एक पार्टी चांगला भाव देऊन राहिली. आत्याला कुठे तरी वन रूम किचन पाहून देऊ."

रविवारी मी बडनेऱ्याहून गाडी धरली. वाटेत मूर्तिजापूर लागते. इथून एका बाजूला यवतमाळला आणि दुसऱ्या बाजूला अचलपूरला शकुंतला जायची. आता बंद आहे. तिचे रूळ इंग्रजांच्या वेळच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचे आणि गाडी चालवायची आपली रेल्वे. मालक एक, भोगवटादार दुसरा, आणि बसणारा वऱ्हाडी माणूस बहुतेक तिसऱ्याच प्रकारचा, कारण तिकीट काढण्याबाबत त्याची मते स्वतंत्र होती. आमच्या घराचेही असेच काहीसे, म्हणत मी अकोल्याला उतरलो.

आत्याने सगळे ऐकून घेतले आणि फळीवरून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. आत १९८२ पासूनच्या टॅक्स पावत्या, वर्षावार, रबर लावून. त्रेचाळीस. पहिल्या पावतीची रक्कम दोन आकडी. २००१ पर्यंत वर अकोला नगरपरिषद, पुढे महानगरपालिका. २०१७ साली अकोल्यात टॅक्स वाढला, प्रकरण नागपूर खंडपीठात गेले, पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले; आत्याचे धोरण एकच, कोर्टाचे काय व्हायचे ते होवो, आपण पावती घ्यायची. प्रत्येक पावतीवर नाव आजोबांचे.

"आत्या, तू नाव का नाही बदललं ग?"

"काहून बदलू? वर्षातून एक डाव बाबाच्या नावानं कागद येते घरी. तेवढा एकच येते आता."

यावर बी. कॉम.च्या अभ्यासक्रमात काही नव्हते.

मी तिला समजावले की घरात तिचा वाटा आहेच. १९५६ च्या वारसा कायद्यात मुलगी मुलाच्या बरोबरीने बसते. तीन भावंडांचे तीन वाटे, आणि वहीत नाव नसल्याने तो वाटा कोठे जात नाही. पण वहीत नाव असलेले बरे. उद्या तिच्याऐवजी भलत्यानेच अर्ज केला तर निस्तरायला वर्षे जातात. ती नुसती मान हलवत होती. "बाबाचं नाव खोडाचं नाही," एवढेच म्हणाली.

सोमवारी रजा टाकून आम्ही डबा घेऊन ऑफिसात गेलो. खिडकीतले गृहस्थ चष्मा कपाळावर सरकवून पावत्या पाहू लागले. जुन्या पावतीवरचा वॉर्ड आणि घर नंबर, मधल्या पावतीवरचा नंबर, आजचा मालमत्ता क्रमांक, अशी साखळी त्यांनी दहा मिनिटांत लावून दिली. मला बँकेत तेवढ्या वेळात स्टेपलर सापडत नाही. मग म्हणाले, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, बाकीच्यांची संमती, थकबाकी नाहीच तुमची. आत्याने आपली अट सांगितली. त्यांनी तिचे आधार कार्ड मागितले आणि मोठ्याने वाचले. तिचे नाव, मग आजोबांचे नाव, मग आडनाव.

"बाई, तुमचं नाव लावलं तं वडलांचं नाव मधात येतेच ना. खोडाचं कुठं काम हाय?"

आत्याने पदराने चष्मा पुसला आणि सही कुठे करायची ते विचारले.

राहिली संमती. माझी आणि पुण्याच्या धाकट्या भावाची हातोहात झाली. दादा पुढच्या रविवारी स्वतः आला, पेढे घेऊन. आत्याने पेढे बाजूला ठेवले, डबा पुढे केला आणि मला म्हणाली, "सांग बरं याले, याच्या वाट्याचा टॅक्स किती होते ते. तीनातला एक. शास्तीसंगट."

मी कॅल्क्युलेटर काढला. महिना दोन टक्के, म्हणजे वर्षाचे चोवीस. चक्रवाढ लावलीच नाही, घरचा माणूस म्हणून. तरी १९८२ च्या रकमेची शास्ती मुदलाच्या दसपट निघाली. पुढच्या वर्षांचे आकडे सांगताना दादा पंख्याखाली सरकला.

"पण आत्या, राहत तर तूच होतीस."

"होतीच. घर इकाच्या वक्ती तुह्या बी वाटा हाय ना? मंग टॅक्साच्या वक्ती कुठी गेलता तो वाटा?"

दादाने इकडे तिकडे पाहिले. मी २००९ सालावर होतो. त्याने माझ्या खिशातले पेन काढून घेतले आणि संमतीपत्रावर दोन ठिकाणी सही केली. तिसरी जागा मी दाखवली. आत्याने कागद वाळला की नाही ते बोट लावून पाहिले, घडी करून डब्यात त्रेचाळीस पावत्यांच्या वर ठेवला आणि झाकण लावून पेढ्यांचा पुडा सोडला.

"घे रे," ती दादाला म्हणाली, "चहात साखर किती घालू?"