पर्पज ऑफ व्हिजिट? आजी!

"व्हॉट इज द पर्पज ऑफ युवर व्हिजिट?"
"टू मीट माय डॉटर."
"हाऊ लाँग विल यू स्टे?"
"टेन वीक्स."

वेळ रात्री साडेनऊची. स्थळ : डोंबिवलीतल्या आमच्या वन बीएचकेचं किचन. इमिग्रेशन ऑफिसर, म्हणजे अस्मादिक, ओट्याला टेकून उभी. पॅसेंजर, म्हणजे आई, पोळ्या लाटतेय. ताईचं बाळंतपण न्यू जर्सीत, त्यासाठी आई आयुष्यात पहिल्यांदा देशाबाहेर निघालेली. तिकिटं झाली, थर्मल्स झाले, मेतकूट दळून झालं. उरलं होतं ते फक्त इंग्लिश.

खरं तर व्हिसाच्या वेळी इंग्लिशचं टेन्शन आलंच नाही. बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये मराठीतून मुलाखत देता येते. शेजारणीशी गप्पा माराव्यात तशी आई बोलून आली. पण व्हिसा मिळाला म्हणजे एंट्री पक्की, असं नसतं. आत सोडायचं की नाही आणि किती दिवसांसाठी, हे काउंटरवरचा ऑफिसर ठरवतो. आणि तिथे समोरचा मराठी बोलेल, याची गॅरंटी कोण देणार?

मग काय, मी एकदम प्रोफेशनल! वीस प्रश्न, वीस उत्तरं, प्रिंटआऊट काढून फ्रिजवर चिकटवला. आईने तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलंय. पाठांतर तिच्या रक्तातच. आठवड्याभरात वीसच्या वीस उत्तरं तोंडपाठ. मी जाम खूश.

आठव्या दिवशी सहज गंमत म्हणून मी क्रम बदलला. "हू इज पेइंग फॉर युवर ट्रिप?" आई ठामपणे म्हणाली, "टेन वीक्स."

दोन सेकंद शांतता. मग आईच हसायला लागली. "अगं, पाढे घोकून आलेल्या पोराला मी मुद्दाम मधलाच विचारायचे. सात सक किती? की ते पोर लागलं सात एके सातपासून म्हणायला. माझं तेच झालंय."

त्या रात्री प्रिंटआऊट फ्रिजवरून उतरला. आमचा नवा फंडा सोपा होता : उत्तरं पाठ करायची नाहीत, प्रश्न ओळखायचे. कारण ऑफिसर शंभर तऱ्हांनी विचारेल, पण त्याला हवं असतं मोजकंच. का आलात, किती दिवस, कुठे राहणार, खर्च कोण करणार आणि परत कधी जाणार. 'हाऊ लाँग' ऐकू आलं की आठवडे सांगायचे, 'हू' ऐकू आलं की माणूस. उत्तर एका दमात संपेल एवढंच आणि शंभर टक्के खरं. ताईचा पत्ता, फोन नंबर आणि रिटर्न तिकीट कागदावर, पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात.

सगळ्यात जास्त घोळ घातला 'काम' या शब्दाने. "लेकीकडे काम करायला चाललेय" हे वाक्य मराठीत किती साधं! भांडी घासणं ते नोकरी, आपल्याकडे सगळं कामच. पण त्या खिडकीत 'वर्क' म्हटलं की समोरच्याला नोकरी ऐकू येते, आणि व्हिजिटर व्हिसावर नोकरी चालत नाही. आईला हे एकदा समजलं आणि ते वेगळं पाठ करावं लागलं नाही.

आणखी दोन वाक्यं मात्र घोटून घेतली. "प्लीज, स्लोली" आणि "इंटरप्रिटर, प्लीज". समजलं नसताना 'यस यस' करत मान हलवण्यापेक्षा दुभाषी मागणं केव्हाही बरं. यात लाज कसली?

आमचं विमान व्हाया अबुधाबी होतं. अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी या एअरपोर्टची एक खासियत आहे. इथे २०१४पासून अमेरिकन इमिग्रेशन आणि कस्टम्स विमानात बसण्याआधीच होतं. नोव्हेंबर २०२३मध्ये सुरू झालेलं टर्मिनल ए चकाचक आहे. परफ्युम्सची दुकानं, सोनेरी दिवे, घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे. वाटतं, अजून घराजवळच आहोत. मग पुन्हा सिक्युरिटी चेक, एक वळण, आणि समोर अमेरिकेचा झेंडा नि काउंटर्स. पाय अरबस्तानात, प्रश्न अमेरिकेचे!

रांगेत आमच्यासारखीच बरीच मंडळी. कुणी पासपोर्ट छातीशी धरलेला, कुणी ओठांतल्या ओठांत पुटपुटतंय. आई मात्र गप्प होती.

बोटांचे ठसे झाले, फोटो झाला. ऑफिसरने विचारलं, "सो, व्हॉट ब्रिंग्ज यू टू द स्टेट्स, मॅम?"

हे आमच्या प्रॅक्टिसमध्ये कधीच आलं नव्हतं. आईने त्यातला 'ब्रिंग' तेवढा पकडला आणि सामान विचारतोय असं समजून खरं ते सांगितलं. "मेतकूट. गोडा मसाला."

ऑफिसरच्या भुवया वर. मी तोंड उघडलं, तर त्याने माझ्याकडे न बघताच हात वर केला. लेट हर आन्सर. माझ्या पोटात गोळा! वीस प्रश्नांचा प्रिंटआऊट काढणारी मी, आणि आता नुसती उभी.

आई म्हणाली, "प्लीज, स्लोली."

तो थोडा पुढे झुकला. "व्हाय आर यू गोइंग?"

"माय डॉटर. बेबी कमिंग."

"यू गोइंग टू वर्क देअर?"

आईने एक क्षण त्याच्याकडे पाहिलं. अगदी तिच्या वर्गातल्या पोराकडे बघावं तसं. "वर्क? नो. नो सॅलरी. आय ॲम आजी." मग आपणच दुरुस्त केलं, "ग्रँडमदर."

पुढचे प्रश्न सोपे होते. किती दिवस? टेन वीक्स. फर्स्ट ग्रँडचाइल्ड? यस. मसाल्याशिवाय आणखी काही खायचं? नो. पासपोर्ट परत हातात आला आणि मी श्वास सोडला. माझी ग्रामर, माझे फुल सेंटेन्सेस, काही काही लागलं नाही. लागलं ते एवढंच, की आईला तिचं उत्तर ठाऊक होतं.

चौदा तासांनी न्यूयॉर्कला उतरलो, तर इमिग्रेशनची रांगच नाही. डोंबिवलीहून ठाण्याला उतरावं तसे थेट बॅगांच्या पट्ट्यापाशी. बाहेर ताई उभी होती, पोट सांभाळत. मिठी मारता मारता तिने काळजीने विचारलं, "आई, इमिग्रेशनला फार छळलं का गं? काय काय विचारलं?"

"छे गं," आई म्हणाली, "तुझीच चौकशी करत होता."