चेंबरचा नट

संपादकांचा फोन आला तेव्हा मी एका ट्रॅक्टरखाली पडून होतो. सिद्धेश्वरचा माणूस म्हटला की लोकांना धरण आठवतं, औंढ्याचा नागनाथ आठवतो, फार तर वसमतची हळद. संपादक म्हणाले, "ते सगळं छापून झालंय. तुम्ही तुमच्या कामावर लिहा." मी लगेच हो म्हणालो. शिवरात्रीपासून एक गाडी माझ्या डोक्यातून जात नव्हती, आणि तिच्याबद्दल नीट ऐकून घेणारं कुणी भेटत नव्हतं.

विषय एका बोल्टचा आहे. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणारं भांडं असतं, त्याला आम्ही चेंबर म्हणतो. चेंबरच्या बुडाला एक भोक असतं आणि त्यात एक बोल्ट. ऑइल बदलताना तो काढायचा, काळं ऑइल खाली सोडायचं, बोल्ट परत लावायचा. खरं तर तो बोल्टच, पण गॅरेजात त्याला सरसकट नट म्हणतात. मीही इथे तेच म्हणेन.

शिवरात्रीला दर्शनासाठी पुण्याहून एक तरुण आला होता. गाव इथलंच, नोकरी तिकडे. गाडी काळी, बुटकी, टर्बोवाली, जर्मन बनावटीची. सकाळी आईनं अंगण झाडायला घेतलं तर गाडीखाली ताटाएवढा काळा डाग. तो गाडी माझ्याकडे घेऊन आला आणि म्हणाला, "काका, काहून गळत असंल हो? नट तर भारीतला टाकलाय. कंपनीचा काढून फेकला."

गाडी वर घेतली. नट लालभडक, टोकाला चुंबक असलेला, दिसायला देखणा. वायसरच्या कडेनं पांढऱ्या टेपचं टोक बाहेर आलेलं. नळाच्या जोडाला गुंडाळतात ती टेप. नटाच्या डोक्याचे कोपरे घासलेले, म्हणजे पान्यावर कुणीतरी पाइप घालून जोर लावला होता. मी पाना लावला, पाव फेरा दिला आणि पुढे नट दोन बोटांनी फिरत बाहेर आला. त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची तार गुंडाळलेली होती, चमकदार, पेनातल्या स्प्रिंगसारखी. ती तार म्हणजे चेंबरचे आटे.

त्या पोरानं मला विचारलेला प्रश्न सगळेच विचारतात. कंपनीचा नट चांगला की बाहेरचा? मोबाइलवर यावर तासन् तास बोलणारे लोक आहेत. माझं म्हणणं असं की या वादात पाहायची जागाच चुकते. नट पोलादाचा असतो, तो सहसा मरत नाही. मरतो तो चेंबर, कारण आजच्या बहुतेक गाड्यांचा चेंबर ॲल्युमिनियमचा आहे आणि ॲल्युमिनियम पोलादापेक्षा कितीतरी मऊ. घरातल्या विजेच्या फ्यूजचं तत्त्व काय? स्वस्त वस्तू आधी जळावी, महाग वस्तू वाचावी. इथे उलटं होतं. शंभर-दोनशेचा नट शाबूत राहतो आणि हजारोंचा चेंबर जातो. फोक्सवॅगन गटाच्या काही नव्या इंजिनांत चेंबरही प्लास्टिकचा आणि नटही प्लास्टिकचा, दर वेळी नवा लावायचा, असं आहे. लोक त्याला नावं ठेवतात आणि बाहेरून धातूचा आणून बसवतात. मला तो प्लास्टिकचा नट विचारपूर्वक केलेला वाटतो. तुटायचंच असेल तर आधी तो तुटेल.

आता थोडं मापात शिरतो, कंटाळू नका. नटाच्या आट्याला दोन मापं असतात, जाडी आणि अंतर. होंडाच्या कारना साधारण १४ मिलिमीटर जाडी आणि दीड मिलिमीटर अंतराचा आटा लागतो. म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात नट दीड मिलिमीटर आत जातो. टोयोटाच्या कित्येक गाड्यांना १२ मिलिमीटर आणि १.२५ चा. बाहेरचा नट घेताना माणूस जाडी बघतो, अंतर बघत नाही. चुकीच्या अंतराचा नट दोन फेरे गोडीनं जातो, मग अडतो. अडला की आपल्याकडे जोर लावतात. तिथेच चेंबर संपला.

बाहेरच्या नटांची आणखी एक जाहिरात असते: लांब आटे, जास्त पकड. हे अर्धवट आहे. आवळलेल्या नटात पहिल्या दोन-तीन आट्यांवरच निम्म्याहून जास्त भार येतो, मागचे आटे जवळजवळ बसून असतात. त्यामुळे चांगल्या चेंबरला लांब नटानं काही वाढीव मिळत नाही. हां, बाहेरचे आटे झिजले असतील आणि आत खोलवर न वापरलेले आटे शिल्लक असतील, तर लांब नट कामाला येतो. मी स्वतः तसा वापरलाय.

आणि आवळायचं किती? अशा जर्मन गाड्यांच्या १४ मिलिमीटरच्या नटाला कंपनी बहुधा ३० न्यूटन-मीटर सांगते. आकड्यानं काही कळत नाही म्हणून मी गिऱ्हाइकाला करून दाखवतो. एक फूट लांबीचा पाना आडवा धरायचा आणि त्याच्या टोकाला १० किलोचं वजन टांगायचं. बस, एवढंच. ३० न्यूटन-मीटर झाले. गडी माणूस पान्यावर अंग टाकतो तेव्हा चाळीस-पन्नास किलो सहज पडतात, आणि पाइप घातला तर दुप्पट.

मी आयटीआयला मोटर मेकॅनिक केलं आणि नंतर काही वर्षं चाकणला एका कारखान्यात काढली. तिथे माझं काम टॉर्क पान्याचंच होतं. कट् आवाज आला की हात काढायचा. गावी परतलो तेव्हा सोबत एक टॉर्क पाना आणला. त्या वेळी इथल्या जुन्या मिस्त्रींना ते पटलं नव्हतं. त्यांना मी दोष देत नाही. आमचा भाग उसाचा, हात ट्रॅक्टरवर घडलेले. ट्रॅक्टरच्या इंजिनाखालचं भांडं बहुतेक वेळा ओतीव लोखंडाचं, जाडजूड, कारण ते ट्रॅक्टरच्या सांगाड्याचाच भाग असतं. अडीचशे तासांनी ऑइल बदला, नट हाणून आवळा, त्याला काही होत नाही. पण तोच हात, त्याच सवयीनं, ॲल्युमिनियमच्या चेंबरखाली येतो. वीस वर्षं ज्या जोरानं काम चोख झालं, तोच जोर इथे घात करतो. मोठ्या शहरातल्या गॅरेजात हवेची गन असते, तिचा परिणाम तोच, फक्त वेगात. त्या लाल नटावरच्या खुणा मात्र पाइपाच्याच होत्या.

गळती आवळून थांबते ही समजूत मला सगळ्यात जास्त छळते. ऑइल अडवतो तो वायसर. सिद्धेश्वर धरणाच्या दरवाज्यांकडे बघा. पूर्णेचं एवढं पाणी १९६८ पासून अडवून धरलंय, पण लोखंडाला नुसतं लोखंड टेकवून पाणी अडत नाही, दरवाज्याच्या कडेला रबराची पट्टी लागते. नटाखालचा वायसर म्हणजे तीच पट्टी. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा मऊ वायसर एकदा दाबला की तो दोन्ही बाजूंच्या उंचसखल भागात भरून बसतो. दुसऱ्यांदा वापरला तर तो कडक झालेला असतो, भरत नाही. तांब्याचा वायसर गॅसवर लाल करून थंड केला की पुन्हा मऊ होतो, अडीनडीला मी केलंय. पण वीस-तीस रुपयांच्या वस्तूसाठी रोज कशाला? चार-पाच हजारांचं ऑइल आणणारा माणूस वायसरचे पैसे लावले की बिलावर बोट ठेवतो. टेपचं तर विचारूच नका. हा आटा नळासारखा निमुळता नाही, सरळ आहे. टेपनं तो बंद होत नाही. उलट आटे निसरडे होतात आणि त्याच हाताच्या जोरात नट जास्त ओढला जातो.

आता चुंबकाकडे येतो. यावर मी गावात पुष्कळ भांडलोय.

चुंबकवाला नट वाईट नाही. गिअरबॉक्सला कित्येक कंपन्या स्वतःच तो देतात, कारण तिथे पोलादाला पोलाद घासतं. इंजिनात त्याला सापडतो तो फक्त लोखंडाचा कीस. पिस्टन ॲल्युमिनियमचा. क्रँकच्या बेअरिंगवरचा थर तांबं, कथील, ॲल्युमिनियम अशा धातूंचा. यातलं काहीच चुंबकाला चिकटत नाही. म्हणजे इंजिनाचं सगळ्यात नाजूक अंग झिजत असताना नट स्वच्छ निघू शकतो आणि मालक खूश होतो. उलट चुंबकावर राखाडी, काजळासारखा मऊ लेप आला की लोक घाबरतात. तो लेप साधा आहे. बोटांत चोळून बघा, टोचलं तर काळजी करा. काडीसारखा तुकडा दिसला तर गाडी चालू करू नका.

दुसरी गोष्ट उष्णतेची. या नटांत बहुधा निओडिमियमचं चुंबक असतं. साध्या प्रतीचं निओडिमियम ८० अंशांच्या पुढे आपली ताकद कायमची गमावू लागतं. टर्बो गाडीचं ऑइल १०० अंशांवर सहज जातं. मी असा एक नट गरम ऑइलमध्ये अर्धा तास ठेवून पाहिला. आधी जेवढे छोटे वायसर उचलत होता, त्यापेक्षा नंतर कमी उचलले. समेरियम-कोबाल्टचं चुंबक अडीचशे अंशांतही टिकतं, पण ते महाग. पाकिटावर चुंबक कोणतं ते लिहिलेलं नसेल तर तो नट घेऊ नका.

नटाऐवजी तोटी बसवायची सोयही मिळते. खटका फिरवला की ऑइल खाली. मालवाहू गाडीला ठीक आहे. बुटक्या गाडीला मात्र ती चेंबरच्या खाली लोंबते, आणि आमच्याकडचे गतिरोधक गावकऱ्यांनी स्वतः घातलेले.

एवढी काळजी कशाला, ऑइलच तर गेलं, असं म्हणणाऱ्यांना मी टर्बोचं सांगतो. त्याचा दांडा मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. समोरच्या काचेखाली झारीच्या आकाराचं लाल चिन्ह पेटतं ते ऑइलचा दाब गेल्यावर. ते दिसलं की पुढचा पेट्रोल पंप गाठायचा नाही, जागच्या जागी इंजिन बंद करायचं.

तर त्या पोराची गाडी. मी चेंबरच्या भोकात हेलिकॉइल घालायचं ठरवलं. भोक मोठं करायचं, त्यात नवा आटा पाडायचा आणि पोलादी तारेचं वेटोळं फिरवत बसवायचं. आता पोलादाला पोलाद भिडतं, जुन्या ॲल्युमिनियमच्या आट्यापेक्षा ते मजबूत. टॅपला घट्ट ग्रीस लावलं, म्हणजे कीस त्याला चिकटून बाहेर येतो. नंतर वरून अर्धा लिटर स्वच्छ ऑइल सोडून भोक धुऊन घेतलं. वेटोळं तळाच्या सपाटीपेक्षा जरासं आत बसवलं, नाहीतर वायसर टेकत नाही. हे काम मी चांगलं करतो, हे मला माहीत आहे.

पण त्याआधी, जोरानं आवळलेल्या जागी तड तर नाही ना, हे बघायला मी जुना उपाय केला. जागा पुसून रॉकेल लावलं, परत पुसलं आणि वर खडूची पूड टाकली. तड असेल तर आत शिरलेलं रॉकेल वर येतं आणि खडूवर ओली रेघ उमटते. रेघ उमटली. अर्धा सेंटिमीटर, केसाएवढी. ओताईच्या सांध्याची खूणही तशीच दिसते. मी बॅटरी धरून तीनदा पाहिलं. ठरवता येईना.

मी म्हणालो, "बाळा, नवीन चेंबर मागवू. तीन दिवस लागतील." तो म्हणाला, "काका, सोमवारी हजर व्हायचंय." कंपनीच्या मापाचा साधा नट आणि नवा वायसर लावला, टॉर्क पान्यानं ३० वर आवळला, अर्धा तास इंजिन चालवलं. थेंबही नाही. पुणं चारशे किलोमीटरच्या वर. मी त्याला सांगितलं, दर शंभर किलोमीटरला थांबून खाली वाकून बघ आणि मला फोन कर. त्यानं चारही फोन केले. शेवटचा रात्री साडेअकराला आला, तोवर मी जेवलो नव्हतो.

पुण्यात त्यानं पुढच्याच आठवड्यात चेंबर बदलला आणि माझ्या सांगण्यावरून जुना ट्रॅव्हल्सनं पाठवून दिला. मी तो करवतीनं भोकाच्या मधोमध कापला. हेलिकॉइल जागच्या जागी, एक आटाही हललेला नाही. शेजारची ती रेघ मात्र तड होती. तळाच्या जाडीत निम्म्याहून आत गेलेली. मी गाडी जाऊ द्यायला नको होती.