दाव्याची भाषा

'नुकसानभरपाई' ह्या शब्दाचा उत्तरार्ध मराठीत फार आत्मविश्वासाने येतो. जे रिते झाले ते पुन्हा काठोकाठ भरता येते, असे तो शब्द उच्चारताच गृहीत धरले जाते. कायद्याला स्वतःला मात्र एवढा भरवसा असल्याचे दिसत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ ह्याचे १६८वे कलम न्यायाधिकरणाला सांगते ते इतकेच, की जी रक्कम न्याय्य 'दिसेल' ती देवविण्यात यावी. हे 'दिसेल' क्रियापद माझ्या ओळखीचे आहे. चाळीस वर्षे समीक्षा लिहिणाऱ्या माणसाने त्याच्याच आधारावर संसार केलेला असतो.

हा कायदा मी अभ्यासाच्या ओढीने वाचलेला नाही. २०१८च्या जुलैत, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, पादचाऱ्यांसाठी आखलेल्या पट्ट्यांवरून रस्ता ओलांडत असताना डावीकडे वळणाऱ्या एका टेम्पोने मला पाडले. उजव्या गुडघ्याखालचे हाड दोन ठिकाणी मोडले. शस्त्रक्रिया होऊन त्यात धातूची पट्टी आणि आठ स्क्रू बसले. अपघाताविषयी ह्याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही. तो दोन-तीन सेकंदांत आटोपला. पुढची पावणेपाच वर्षे मी 'अर्जदार' होतो, आणि सांगण्यासारखे जे आहे ते त्या अवस्थेविषयीचे आहे.

ह्या अवस्थेतला पहिला मजकूर रुग्णालयातच सिद्ध झाला. तिसऱ्या दिवशी एक पोलीस हवालदार खाटेशेजारी बसून माझा जबाब लिहून घेऊ लागले. मी सांगत होतो, ते लिहीत होते. परंतु कागदावर उतरत होते ते माझे वाक्य नव्हते. टेम्पोचालकाने 'आपल्या ताब्यातील वाहन रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगाने चालवून' मला धडक दिली, असे मी कागदावर म्हणत होतो. वळणावर असलेला टेम्पो फार वेगात नव्हता, असे मी सांगून पाहिले. हवालदार सौजन्याने म्हणाले, "सर, ते तसंच लिहावं लागतं." शेवटी, जबाब वाचून पाहिला व तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, ह्या वाक्याखाली मी सही केली. 'भरधाव'पुरती दुरुस्ती त्यांनी माझ्या आग्रहाखातर केली होती. लेखक आणि निवेदक ह्यांच्यात भेद करावा, हे मी विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना शिकवीत आलो. निवेदक 'मी' म्हणतो तेव्हा तो लेखक असेलच असे नाही, हे सूत्र इतक्या निखळ स्वरूपात मला कोणत्याही कादंबरीत भेटले नव्हते.

मात्र ह्या भाषेची थट्टा करणे सोपे आहे, आणि अन्यायाचेही. 'हयगय' आणि 'अविचार' हे दोन शब्द तिथे अलंकार म्हणून आलेले नाहीत. भारतीय दंड संहितेच्या २७९व्या कलमाने जे दोन पर्याय सांगितले होते, त्यांचीच ती भाषांतरे. त्यांतला एखादा शब्द गळला तर पुढच्या पायरीवर कोणीतरी त्यावर बोट ठेवणार. म्हणजे हा साचा कोणाच्या तरी अनुभवाने घडलेला आहे. तो माझ्या अनुभवाने घडलेला नाही, एवढेच. संहितेच्या जागी १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली, तरी त्या शब्दांना निवृत्ती मिळाली असेल असे मला वाटत नाही.

दावा दाखल झाला २०१९च्या आरंभी. त्या वेळी त्यासाठी मुदतीचे बंधन नव्हते. १९९४च्या दुरुस्तीने ते काढून टाकले होते. २०१९च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत पुन्हा घातली आणि ती १ एप्रिल २०२२पासून लागू झाली. ज्याचा पाय सहा महिने प्लास्टर आणि काठी ह्यांच्या दरम्यान असतो, त्याने ह्या तरतुदीचे स्वागत कसे करावे हे मला कळत नाही. असो. टेम्पोचालक, मालक आणि विमा कंपनी असे तीन जाबदार होते. पहिले दोघे हजर झाले नाहीत. त्यांच्याविरुद्ध प्रकरण एकतर्फी चालले. कंपनीने मात्र कैफियत दाखल केली.

कैफियत हा शब्द आपल्या वाङ्मयीन व्यवहारात व्याकुळ निवेदनाच्या अर्थाने वावरतो. न्यायालयात ती प्रतिवादीची असते आणि ती सहसा प्रत्येक गोष्ट नाकारते: अपघात झाला हे नाकारते, आणि झाला असल्यास तो अर्जदाराच्याच निष्काळजीपणाने झाला, असे त्याच दमात म्हणते. अर्जदार 'इकडेतिकडे न पाहता अचानक रस्त्यात आला' असे एक वाक्य तिच्यात होते. सर्व कागदांत मला झोंबलेले वाक्य ते एकच. वकील म्हणाले, "मनावर घेऊ नका, सर. सगळ्याच कैफियतींत ते असतं." ते खरेच होते, आणि मला भयंकर वाटले ते नेमके हेच. २०२२ ह्या एका वर्षात आपल्या देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातांत मेली, आणि त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. ती सगळी इकडेतिकडे न पाहता अचानक रस्त्यात आली होती काय? पदपथ हा नागरिकाच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये म्हटले. कैफियतींच्या साच्यात ते शिरायला किती वर्षे लागतील, कोण जाणे.

मध्यंतरी लोकअदालतीत तडजोडीचा प्रस्ताव आला. रक्कम अगदीच तुटपुंजी नव्हती, आणि माझ्या वकिलांचा कल ती घेण्याकडे होता. परंतु तडजोड झाली की कोणाचे म्हणणे खरे हे कोणी ठरवीत नाही. ते वाक्य अनिर्णीत राहून प्रकरणाच्या कागदांत कायमचे वस्तीला जाते. मी नकार दिला. मुलाला हा हट्ट वाटला. हट्ट असेलही, पण त्या घडीला मला पैशांपेक्षा एका वाक्याचे खंडन हवे होते.

ह्याच काळात मी निकालपत्रे वाचू लागलो. १९९५च्या हट्टंगडी खटल्यात कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या एका वकिलाच्या दाव्याचा विचार करताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, की अशा हानीचे मोजमाप करताना थोडा तर्क, थोडी कल्पना आणि थोडी सहानुभूती लागणारच. मात्र ह्या साऱ्यांकडे वस्तुनिष्ठ निकषांतून पाहावे लागेल. मी तो परिच्छेद दोनदा वाचला. साहित्यसमीक्षेची ह्याहून बरी व्याख्या आमच्या चर्चासत्रांतून निघालेली नाही. फरक एकच, आणि तो मोठा आहे: न्यायाधीशाला परिच्छेदाच्या अखेरीस आकडा लिहावा लागतो. आम्ही 'ही कलाकृती अनेक पातळ्यांवर अस्वस्थ करते' असे म्हणून चहाला उठतो.

आकड्यांचे शास्त्रही आहे. २००९च्या सरला वर्मा खटल्याने वयानुसार गुणक ठरवून दिले: पंचविशीच्या आतल्या तरुणाच्या वार्षिक मिळकतीला १८ने गुणायचे, एकसष्ट ते पासष्ट वयाच्या माणसाच्या मिळकतीला ७ने. माझा गुणक सात निघाला. पण सातने गुणायचे कशाला? निवृत्तिवेतन चालूच होते; अपघाताने त्यातला एक रुपयाही घटला नव्हता. राहता राहिले व्याख्यानांचे मानधन. ते पाकिटातून येते आणि पाकिटाला पावती नसते. २०१०च्या राजकुमार खटल्याने स्पष्ट केले आहे, की एखाद्या अवयवाचे अपंगत्व इतके टक्के म्हणजे कमाईची हानी तितकेच टक्के, असे नव्हे. त्या माणसाच्या कामावर त्याचा काय परिणाम झाला ते पाहायचे. तत्त्व निर्दोष आहे. माझ्या प्रमाणपत्रावर उजव्या पायाचे सत्तावीस टक्के कायमचे अपंगत्व लिहिलेले होते, आणि माझे काम बसून करायचे होते.

उलटतपासणीत कंपनीच्या तरुण वकिलांनी हेच धरले. "आपण समीक्षक आहात. समीक्षा बसूनच लिहितात ना?" मी होय म्हटले. साक्षीच्या कागदात प्रश्न येत नाही, केवळ उत्तर येते. म्हणून तिथे असे नोंदले गेले: 'मी लेखन बसून करतो हे खरे आहे.' पुढचा प्रश्न, लेखनासाठी पायांची आवश्यकता नसते, हे बरोबर ना? ह्यावर मी थांबलो. आयुष्यभर मी चालत विचार केला आहे. पुस्तक बसून वाचतो, पण त्याच्याविषयी काय वाटते हे मला टेकडीच्या चढावर तिसऱ्या वळणाला कळते. घरी येऊन केवळ उतरवून काढायचे असते. २०१८नंतर मी चढावर गेलेलो नाही. लेख लिहिले; ते वाईट नाहीत असे स्नेही म्हणतात. पण मला ठाऊक आहे, की त्यांत वळण कमी आणि अवतरणे जास्त आहेत. हे सारे साक्षीच्या पिंजऱ्यात कसे सांगावे? मी सांगू लागलो आणि न्यायाधीशांनी ते शांतपणे ऐकून घेतले, हे मुद्दाम नमूद केले पाहिजे. मग त्यांनी लघुलेखकाला मजकूर सांगितला: 'लेखनासाठी पायांची आवश्यकता नसते हे म्हणणे खरे नाही.' माझ्या वाङ्मयविचाराचे इतके संक्षिप्त संपादन आजवर कोणत्याही संपादकाने केलेले नाही, आणि आशय शाबूत होता.

परिचर्येचा मुद्दा ह्याहून अवघड निघाला. अपघातानंतर कित्येक महिने मला अंथरुणातून उठवणे, न्हाऊ घालणे, बाथरूमपर्यंत नेणे हे पत्नीने केले. परिचारिका ठेवली असती तर पावत्या झाल्या असत्या. कायद्याला घरच्या माणसाचे श्रम पूर्वी फारसे दिसत नसत. १९९४च्या दुसऱ्या अनुसूचीत न कमावणाऱ्या जोडीदाराची मिळकत कमावत्याच्या मिळकतीच्या एकतृतीयांश धरलेली होती. जमशेदपूरच्या १९८९च्या अग्निकांडातल्या मृतांच्या दाव्यांत, लता वाधवा खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गृहिणीच्या सेवेचे मोल दरमहा ३,००० रुपये धरले. पुढे २०१०च्या आणि २०२१च्या निकालांनी ह्या श्रमाच्या मोजणीविषयी बरेच अधिक न्यायाने लिहिले. वकिलांची इच्छा होती, की पत्नीने साक्ष द्यावी. ती म्हणाली, "मी काय काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं, आणि मग ते ह्यांना खोटं वाटतं का ते विचारायचं? मी नाही येणार." ती आली नाही. मीही पुन्हा विचारले नाही.

निकाल २०२३च्या एप्रिलमध्ये लागला. अर्जदार पादचाऱ्यांसाठीच्या पट्ट्यांवर होता, पंचनाम्यातील नकाशा आणि साक्ष ह्यांवरून त्याचा निष्काळजीपणा दिसून येत नाही, असे वाक्य दहाव्या परिच्छेदात होते. ते वाचून मला झालेला आनंद काहीसा बालिश होता. रुग्णालयाचा खर्च पावत्यांप्रमाणे मिळाला, वेदना व यातना ह्यांसाठी पन्नास हजार, जीवनातील सुखाच्या हानीसाठी चाळीस हजार, आणि अर्ज दाखल केल्यापासूनचे व्याज. मानधनाची मागणी पुराव्याअभावी फेटाळली गेली. टेकडीचा उल्लेख नव्हता. चाळीस हजारांत तो आला असावा.

संध्याकाळी मी पत्नीला निकालपत्र मराठीत वाचून दाखवत होतो. परिचर्येच्या रकान्यापाशी आलो: चार महिने, दरमहा तीन हजारांप्रमाणे, बारा हजार रुपये. ती भाजी निवडत होती. हात न थांबवता तिने विचारले, "चारच महिने कसे धरले त्यांनी? जिना तर अजून मीच उतरवते तुम्हांला." मी म्हणालो, प्लास्टर निघाल्याची तारीख कागदात आहे, त्यापुढचे कागदात नाही. "बरं," ती म्हणाली, आणि पुढे वाचा अशी खूण केली.