तापलेला हॅण्डगार्ड

मागच्या लेखात सियाचीनच्या थंडीबद्दल लिहिलं होतं. उघड्या हाताने लोखंडाला शिवलं की कातडी तिथंच चिकटते, असं म्हटलं होतं. त्यावर आमच्याच पलटणीतल्या एका निवृत्त सुभेदार साहेबांनी फोन करून सांगितलं, "अरे, थंडीचं लिहिलंस, आता महाजनच्या उन्हाचंही लिही. तिथं तू काय केलं होतंस ते लोकांना कळू दे." साहेबांचा हुकूम. तेव्हा आज ती गोष्ट.

महाजन फील्ड फायरिंग रेंज बिकानेर जिल्ह्यात आहे. फौजेतल्या बहुतेकांनी तिथली वाळू खाल्लेली असते. मी तेव्हा हवालदार होतो आणि घातक प्लाटूनमध्ये होतो. मे महिना होता, पारा ४५च्या वर. सकाळी दहालाच लू सुटायची. खेजडीच्या झाडाखाली जेवढी सावली, तेवढीच आमची.

आमच्याकडे ए.के. रायफली होत्या. ज्यांनी वापरली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नळीच्या खाली आणि वर जे लाकडी आवरण असतं, जिथं आपला डावा हात बसतो, तो हॅण्डगार्ड. वरच्या भागाच्या आत गॅसची नळी असते. काडतुसातल्या दारूच्या ताकदीतला साधारण तिसरा हिस्साच गोळीला मिळतो. बाकीची बरीचशी उष्णता गरम वायूबरोबर बाहेर जाते आणि उरलेली नळीत मुरते. ऑटोमॅटिकवर ही रायफल मिनिटाला सहाशेच्या वेगाने चालते, म्हणजे ३० गोळ्यांचं मॅगझिन तीन सेकंदांत रिकामं. मग नळी निवणार कधी?

म्हणून बनवणाऱ्याने वरच्या आणि खालच्या लाकडाच्या मध्ये दोन्ही बाजूंना लांबट भोकं ठेवली आहेत. गरम हवा तिथून वर निघून जाते आणि थंड हवा आत येते. पुढच्या सुधारित बनावटीत खालच्या लाकडाच्या आत पत्राही बसवला. तो नळीची आच लाकडापर्यंत सरळ पोचू देत नाही.

हे सगळं मला माहीत होतं. कोर्समध्ये शिकलो होतो, पोरांना शिकवतही होतो. तरीही चूक माझ्याच हातून झाली.

दोन दिवसांनी मोठे साहेब सराव बघायला येणार होते. रायफली वाळूत उठून दिसू नयेत म्हणून मी हुकूम दिला, सगळ्यांनी तागाच्या पट्ट्या गुंडाळायच्या. बटापासून पार पुढपर्यंत, घट्ट. एकसारखं दिसलं पाहिजे. एका पोराने विचारलं, "उस्ताद, हवेची भोकं झाकली जातायत, चालेल का?" पोरगा सांगलीकडचा, भरती होऊन दोन वर्षं झालेला. मी म्हणालो, "चालतंय. पट्टी सुटलेली दिसली तर बघ."

सरावाच्या दिवशी रायफली सकाळपासून उन्हात पडून होत्या. फायर सुरू व्हायच्या आधीच लोखंडाला हात लावता येत नव्हता. हल्ल्याला आड देणारा फायर आमच्याकडे होता. पहिलं मॅगझिन, दुसरं, तिसरं. चौथं चढवलं तेव्हा मला जळक्या गोणपाटाचा वास आला. डावीकडे पाहिलं तर त्या पोराच्या रायफलीवरून धूर निघत होता. तेल पिऊन बसलेली तागाची पट्टी आतून धुमसत होती.

त्याच्या डावीकडे पाच पावलांवर दुसरा जवान आडवा होता. अशा वेळी हात भाजला की माणूस रायफल झटकून सोडतो. मॅगझिन भरलेलं, सेफ्टी उघडी, नळी कुठंही फिरली असती. माझ्या पोटात गोळा आला. मी ओरडलो, "फायर बंद!"

त्याने नळी टारगेटवरून हलवली नाही. उजव्या हाताने मॅगझिन काढलं, चेंबर खाली केला, मला दाखवला, आणि मग डावा हात काढला. तळव्याला आणि बोटांना टरारून फोड आले होते.

नर्सिंग असिस्टंट पाणी ओतत होता तेव्हा मी विचारलं, "चटका बसत होता तर आधी का नाही सांगितलंस?"

तो म्हणाला, "उस्ताद, पट्टी सुटता कामा नये म्हणालात ना."

त्यावर मी काय बोलणार? संध्याकाळी कंपनी कमांडर साहेबांकडे गेलो आणि जे झालं ते सांगितलं. पट्टीचा हुकूम माझा होता, पोराने विचारलं होतं, मी ऐकलं नाही. साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "उद्या हेच सगळ्या कंपनीसमोर सांग." ते सांगणं माझ्या नोकरीतल्या कुठल्याही शिक्षेपेक्षा जड गेलं.

त्यानंतर आमच्याकडे काही गोष्टी पक्क्या झाल्या. पट्टी फक्त बटावर, हॅण्डगार्डची भोकं कायम मोकळी. रायफल साफ करताना खालचा हॅण्डगार्ड काढून आतली वाळू आणि जुनं तेल पुसायचं, कारण तेच तेल आधी धूर धरतं. फायरच्या आधी रायफली ताडपत्रीच्या सावलीत. दोन-तीन गोळ्यांचे छोटे बर्स्ट, आणि जोडीदाराशी पाळी लावून फायर, म्हणजे एकाची चालताना दुसऱ्याची निवते. थांबल्यावर तापलेल्या चेंबरमध्ये गोळी ठेवायची नाही, नळी फार तापली असेल तर ती ट्रिगरशिवायही सुटू शकते. आणि घाईने पाणी ओतायचं नाही, हवेनेच निवू द्यायची.

सुट्टीवर गेल्यावर आईला हे सांगितलं. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. म्हणाली, "तवा उतरवायला चिंधी धरतात रे, तव्याला गुंडाळून ठेवतात व्हय?" चौथी शिकलेली बाई. कोर्स मी केला होता.

तो पोरगा आता स्वतः हवालदार आहे आणि नव्या पोरांना शिकवतो. मागे भेटला तेव्हा मी त्याचा डावा हात उलटा करून पाहिला. डाग गेला आहे. तो हसून म्हणाला, "उस्ताद, आता माझ्या पोरांनी काही विचारलं तर मी आधी ऐकून घेतो."

जय हिंद.