आजी, मी पण ढ आहे का?

हळदीकुंकवाला चार जणी जमल्या आणि मुलांच्या अभ्यासाचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "आमचं बाई गणित पहिल्यापासून कच्चं!" मग सगळ्या हसतात आणि चिवड्याची बशी पुढे सरकते. खरं सांगा, तुम्हीही कधीतरी असं म्हटलंय ना? मी तर चाळीस वर्षं म्हणत आले. दहावीला बीजगणितात मी कशी गटांगळी खाल्ली, ते मी इतकं रंगवून सांगायचे, की आमच्या घरात तो एक ठरलेला विनोदच होऊन बसला होता.

गेल्या वर्षी त्याच विनोदाने मला रडवलं.

आम्ही अंबरनाथला पालेगावात राहतो. मुलगा आणि सूनबाई सकाळची लोकल गाठायला लवकर बाहेर पडतात, म्हणून नातीचा अभ्यास माझ्याकडे. नात तेव्हा पहिलीत होती. महाशिवरात्रीला शिवमंदिराच्या जत्रेत तिने हट्टाने सापशिडीचा पट घेतला आणि मग रोज दुपारी आमचा डाव रंगू लागला. अशात एके दिवशी तिच्या वहीत बाईंची चिठ्ठी आली. गणितात मागे आहे, घरी सराव घ्यावा. माझ्या पोटात धस्स झालं. माझंच रक्त! मी तिच्या पुढ्यातला पट ओढून घेतला, घडी घालून कपाटावर टाकला आणि म्हटलं, "खेळ पुरे! आधी पाढे म्हण."

पोर मुकाट्याने उठली. पाटी घेऊन बसली आणि थोड्या वेळाने मान वर न करता म्हणाली, "आजी, मी पण तुझ्यासारखी ढ आहे का गं?"

काय उत्तर द्यावं, तुम्हीच सांगा!

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. ह्यांची कंपनी बंद पडली होती, तेव्हा दोन वर्षं मी शिवणकामाच्या पैशांत घर चालवलं. वाण्याची उधारी, भिशीचा हप्ता, मुलाची फी, सगळं तोंडी डोक्यात असायचं आणि कधी एका रुपयाची चूक झाली नाही. पन्नास माणसांच्या श्रीखंडाला चक्का किती आणि साखर किती, हे शेजारणी मलाच विचारायला येत. मग मी ढ कशी? आणि ढ नव्हते, तर बीजगणित का जमलं नाही?

हे सारं मी मुलाजवळ बोलले, तेव्हा त्याने मला एक संशोधन वाचून दाखवलं. अर्थशास्त्राचं नोबेल २०१९ साली ज्या तिघांना मिळालं, त्यातले अभिजित विनायक बॅनर्जी तुम्हाला आठवत असतील. मुंबईत जन्मलेले, आणि आई मराठी, माहेरची पाटणकर. ते, त्यांच्या पत्नी एस्थर डुफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या १,४३६ मुलांचं गणित तपासलं. ते २०२५ साली प्रसिद्ध झालं. ही मुलं गिऱ्हाइकाचा हिशेब मनातल्या मनात बिनचूक करीत होती. पण तितकीच, किंवा त्याहूनही सोपी गणितं शाळेच्या पद्धतीने नुसत्या आकड्यांत घातली, की अडत होती. जवळपासच्या शाळांतली ४७१ मुलं नेमकी उलट. कागदावरची साधी गणितं त्यांना जास्त बरी येत. पण बाजारातल्या ज्या एका हिशेबाला एक तृतीयांशाहून जास्त कामकरी मुलांनी बरोबर उत्तर दिलं, तो शाळेतल्या शंभरात एकाच मुलाला जमला.

हे ऐकताना मला आमच्या इमारतीखाली आईबरोबर हातगाडीवर उभा राहणारा मुलगा आठवला. सहावीत आहे. चाळीस रुपये किलोचे टोमॅटो पाऊण किलो, तीस रुपये किलोचे बटाटे दीड किलो, दोनशेची नोट पुढे केली, की माझं पाकीट मिटायच्या आत एकशे पंचवीस रुपये परत हातात! आणि आई म्हणते, "गणितात नापास होतो हो, मावशी." पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, दीडकी पाठ करून घेत. बाजारातलं आणि शाळेतलं गणित तिथे एकाच ओळीत बसायचं. आता ती दोन शेजारणींसारखी झाली आहेत. भिंत एक, पण बोलणं नाही. माझ्याही डोक्यात चाळीस वर्षं तेच झालं होतं.

मग या दोघींना बोलतं कसं करायचं? मला वाटलं, खेळांनी होईल. पण नुसत्या खेळाने भागत नाही, हेही याच मंडळींनी दाखवून दिलंय. दिल्लीतल्या २१४ बालवाड्यांत साधारण १,५४० मुलांवर त्यांनी एक प्रयोग केला. ते संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झालं. काही बालवाड्यांत चार महिने गणिताचे खेळ घेतले. कोणत्या ढिगात ठिपके जास्त, कोणती आकृती वेगळी, असे. मुलांची ती जाण चांगली वाढली आणि वर्षभरानंतरही टिकली. पण पहिलीत गेल्यावर शाळेच्या गणितात मात्र ती इतरांच्या पुढे गेली नाहीत. खेळ खेळाच्या जागी राहिला आणि पुस्तक पुस्तकाच्या.

मग कोणता खेळ उपयोगी पडतो? याचं उत्तर अमेरिकेतल्या दोन प्रयोगांत सापडलं आणि ते थेट माझ्या कपाटावर पडलेल्या पटापाशी आलं. गीता रमाणी आणि रॉबर्ट सीग्लर यांनी २००८ साली गरीब घरांतल्या लहान मुलांना एका ओळीत एक ते दहा आकडे लिहिलेल्या पटावर खेळवलं. दोन आठवड्यांत चार वेळा, दर वेळी पाव तास, बस्स! तेवढ्याने आकड्यांची समज वाढली. दुसऱ्या मुलांना तसाच पट दिला, पण घरांत आकड्यांऐवजी रंग होते. त्यांना काही फायदा झाला नाही. पुढे २०१४ साली एलिडा लास्की आणि सीग्लर यांनी शंभरपर्यंतचा पट घेतला. सोंगटी सरकवताना काही मुलं "एक, दोन, तीन" म्हणत होती, तर काही त्या घरात लिहिलेला आकडा म्हणत होती. शिकली ती दुसरी!

मी कपाळावर हात मारला. आमची चिमुरडी नेमकी "एक, दोन, तीन" म्हणतच सोंगटी ढकलायची आणि मीही तेच करायचे.

दुसऱ्या दिवशी पट खाली काढला आणि एकच नियम केला. ज्या घरात पाय ठेवशील, त्याचं नाव घ्यायचं. सोंगटी सव्विसावर असली आणि तीन पडले, तर "सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस." सुरुवातीला फार अडखळायची. आपली मराठी नावं पाहा ना, तोंडाने पंचवीस म्हणताना पाच आधी येतो आणि हाताने लिहिताना दोन आधी. एकोणतीस म्हटलं की कानाला तीस ऐकू येतात आणि पाटीवर लिहायचे असतात दोन आणि नऊ. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात "वीस एक" असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतं? मीही नावं ठेवणाऱ्यांतलीच होते. पण नात एकोणतीसवर अडली, तेव्हा मंगला नारळीकरांच्या समितीला काय सांगायचं होतं ते मला उमगलं. पटावर आकडा डोळ्यांसमोर असतो आणि नाव तोंडात. दोन्हींची गाठ तिथेच पडते.

दुसरा खेळ दुकान-दुकानाचा. डाळी, बटाटे, जुना तराजू आणि खरे भाव. गिऱ्हाईक मी. हिशेब आधी तोंडी करायचा आणि मग तोच पाटीवर मांडायचा, हे विसरायचं नाही. ही युक्ती माझी. कुणी तपासून पाहिलेली नाही. पण तोंडचा हिशेब पाटीवर उतरला, की तिला वजाबाकीची भीती वाटत नाही, एवढं मी पाहिलंय. खालचा भाजीवाला मुलगाही आता रविवारी वही घेऊन वर येतो. त्याला मी म्हणते, "हे टोमॅटो समज." मग पेन्सिल चालू लागते.

तिसरी गोष्ट खेळ नव्हे, पथ्य आहे. "मी गणितात ढ" हे वाक्य मी सोडलं. सोपं नव्हतं हो! परवाच एका मुंजीत जिभेच्या टोकावर आलं होतं. चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकलं.

नातीच्या वहीत अजून शेरे येतात; एकदम हुशार झाली, असं मी म्हणणार नाही. पण काल दुपारी माझी सोंगटी चौऱ्याण्णववर होती. फासा हातात घेण्याआधीच ती म्हणाली, "आजी, तुला सहाच हवेत. पाच पडले, तर नव्व्याण्णवचा साप!"

पाच पडले. पोर हसून हसून लोळली. मी मुकाट्याने सोंगटी खाली नेली आणि त्या घराचं नाव मोठ्याने घेतलं.