औरंगाबाद ते हैदराबाद : सव्वा तासाचे अंतर

औरंगाबादेतल्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) जुन्या मुस्लिम घरांपैकी बऱ्याच घरांची एखादी तरी सोयरीक हैदराबादेत असते. आसफजाही राजवटीची राजधानी आधी इथेच होती. ती १७६३ मध्ये हैदराबादला गेली. पहिले निजाम मात्र आपल्या खुलदाबादेतच दफन आहेत. आमचीही मोठी खाला हैदराबादेत, शाहअली बंड्याला राहायची.

चिकलठाणा ते शमशाबाद हे सरळ रेषेतले अंतर सुमारे ४३० किलोमीटर, म्हणजे २३२ सागरी मैल. रस्त्याने तेच साडेपाचशेच्या घरात जाते. रेल्वे तर जालना, परभणी, नांदेड, निजामाबाद असा वळसा घालते आणि त्यात रात्र जाते. छोटे पंख्याचे एटीआर विमान ताशी पाचशेच्या आसपास उडते. भागाकार केला तर ५२ मिनिटे येतात, पण वेळापत्रकात सव्वा तासाच्या आसपास लिहिलेले असते. धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, वर चढणे, उतरायची पाळी येणे, हे सगळे त्यात धरलेले असते. भागाकारात न बसणारा वेळ तर वेगळाच. काउंटर तासभर आधी बंद होतो, म्हणून दोन तास आधी पोहोचायचे. तिकडे उतरल्यावर सामान घ्यायचे, आणि शमशाबादहून चारमिनार वीसेक किलोमीटर. बेगमपेटचे विमानतळ शहरातच होते. २००८ पासून विमाने शमशाबादला उतरतात.

खालाच्या इंतकालची खबर इशानंतर आली. जनाजा दुसऱ्या दिवशी जोहरनंतर. रात्रीची गाडी हुकल्यातच जमा होती. विमान होते, पण दुपारचे. भाचा फोनवर विचारत होता, "अम्मीजान विमानाने येत असतील तर असरपर्यंत थांबू का?" आम्ही कागदावर हिशेब मांडला. विमान वेळेवर सुटले तरी घरी पोहोचायला मगरिब होणार होती. मय्यत इतका वेळ ठेवायची कशाला? अम्मीच म्हणाल्या, "त्यांना सांगा, थांबू नका. आपण मोटारीने निघू."

अकराला निघालो. अम्मींचे गुडघे दुखत होते, त्यामुळे दोनदा थांबावे लागले. सकाळी साडेदहाला पोहोचलो. अम्मींनी बहिणीचा चेहरा पाहिला.

ज्यांच्या घरी वयस्क मंडळी आहेत त्यांनी या मार्गाचे विमान कोणत्या वारी, किती वाजता सुटते हे अधूनमधून पाहून ठेवावे. वेळा बदलत राहतात. चाळिसाव्याला आम्ही अम्मींना विमानानेच नेले. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागितली होती, त्याचे वेगळे पैसे पडले नाहीत. उड्डाणानंतर उजव्या खिडकीतून नाथसागराचे पाणी दिसले. अम्मी तस्बीह फिरवत होत्या. ती पूर्ण व्हायच्या आत विमान उतरायला लागले.